ढोलाचा पहिला ठोका नेमका कुठे कापायचा?

गणपतीच्या मिरवणुकीत माझ्या पुतण्याने नाशिकच्या रविवार कारंजावर एका गच्चीतून ढोलपथकाचा व्हिडिओ घेतला. पहिलं टिपरू ढोलावर पडतं, तिथूनच क्लिप सुरू व्हावी, एवढीच त्याची इच्छा. एका फुकट अ‍ॅपमध्ये त्याने बरोबर त्या जागी काप मारला, सेव्ह केलं आणि पाहिलं, तर क्लिप दीड सेकंद आधीपासूनच चालू. दुसऱ्या अ‍ॅपने कापलं, तर आवाज वेळेवर पण चित्र गोठलेलं, मग एकदम उडी. "काका, फोन बिघडला वाटतं," म्हणाला. फोन ठणठणीत होता. व्हिडिओ म्हणजे चित्रांची माळ आणि ट्रिम म्हणजे कात्री, ही आपली समजूत तेवढी चुकीची होती.

एके काळी ती समजूत खरी होती. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि नाशिकला चित्रपट बनवणाऱ्या दादासाहेब फाळक्यांच्या हातात 35 मिलिमीटरची फिल्म असे. तिच्या एका फुटात 16 चित्रं आणि प्रत्येक चित्र स्वतःपुरतं पूर्ण. दोन चित्रांमधल्या रेषेवर कात्री चालवली की काम झालं. आधीच्या तुकड्याचं पुढच्या तुकड्यावाचून काही अडत नसे.

आता फोनचा हिशोब करा. 1920 गुणिले 1080, म्हणजे एका चित्रात 20,73,600 ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला 3 बाइट धरले, तर एक चित्र सुमारे 62 लाख बाइटचं. सेकंदाला 30 चित्रं घेतली, तर मिनिटाला 11 जीबी! प्रत्यक्षात मिनिटभराची फाइल शे-दीडशे एमबीत बसते. कारण फोन बहुतेक चित्रं साठवतच नाही, आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच टिपून ठेवतो.

मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते ती ही युक्ती. 2003 साली प्रमाणित झालेल्या एच.264 या पद्धतीत चित्राचे 16 बाय 16 ठिपक्यांचे चौकोन पाडतात. एखादा चौकोन मागच्या चित्रात होता तसाच असेल, तर नुसतं 'तोच' एवढंच लिहायचं. ढोलवाला उजवीकडे सरकला असेल, तर 'मागच्या चित्रातला अमुक चौकोन घे आणि 5 ठिपके उजवीकडे ठेव'. उरलेला बारीक फरक वेगळा नोंदवायचा. अशा चित्राला पी-फ्रेम म्हणतात. बी-फ्रेम त्याहून हुशार. ती मागच्या चित्राकडूनही उसनं घेते आणि पुढच्याकडूनही. पुढचं चित्र आधी उलगडल्याशिवाय ती उलगडत नाही, म्हणून फाइलमधला क्रम आणि पडद्यावरचा क्रम वेगळा असतो. पडद्यावर आय, बी, बी, पी असं दिसतं, तर फाइलमध्ये आय, पी, बी, बी असं लिहिलेलं असतं. म्हणून काप शेवटाकडचा असला तरी नडतो. ती पी-फ्रेम उडवली, तर तिच्या आधी दिसणाऱ्या दोन्ही बी-फ्रेम निराधार होतात.

यातली आय-फ्रेम तेवढी स्वयंपूर्ण. तिलाच कीफ्रेम म्हणतात (अ‍ॅनिमेशनमधल्या कीफ्रेमशी तिचा संबंध नाही). ती कधी दर सेकंदाला येते, कधी दोन सेकंदांनी. एक्स264 या लोकप्रिय एन्कोडरला (चित्रं अशी आवळून फाइलमध्ये लिहिणं म्हणजे एन्कोड करणं, ते करणारा प्रोग्रॅम म्हणजे एन्कोडर) काही न सांगता सोडलं, तर दोन कीफ्रेममध्ये 250 फ्रेमपर्यंत अंतर पडू शकतं. सेकंदाला 25 फ्रेम असतील, तर ते 10 सेकंद झाले. पुतण्याचा ठोका असाच दोन कीफ्रेमच्या मध्ये पडला होता. पहिलं अ‍ॅप मागच्या कीफ्रेमपर्यंत गेलं, दुसऱ्याचं चित्र पुढच्या कीफ्रेमची वाट पाहत थांबलं.

याच कीफ्रेमवरून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गाभाऱ्यातल्या मूर्तीने डोळे मिचकावले, असे व्हिडिओ मला दरवर्षी येतात. कमी उजेडात फोन बारीक तपशील पुसतो, पी-फ्रेम तोच पुसट चेहरा पुढे नेत राहतात, मग नवी कीफ्रेम येते आणि डोळ्यांच्या रेषा क्षणात ठळक होतात. असा व्हिडिओ आला, तर ती हालचाल ठरावीक अंतराने होते का ते मोजा आणि त्याच क्षणी खांब, भिंतीही थरथरतात का ते पाहा. श्रद्धा ज्याची त्याची, पण कॉम्प्रेशनच्या खुणेला चमत्कार म्हणून लोकांना फसवू नये.

मग अचूक कापायचं कसं? एक मार्ग म्हणजे संपूर्ण क्लिप नव्याने एन्कोड करणं. काप हव्या त्या फ्रेमवर बसतो, पण वेळ लागतो आणि दर वेळी दर्जा थोडा घटतो. दुसरा मार्ग स्मार्ट रेंडरिंगचा: कापापासून पुढच्या कीफ्रेमपर्यंतचा तुकडाच नव्याने एन्कोड करायचा, बाकीचं जसंच्या तसं उचलायचं. मला हाच आवडतो. व्यावसायिक संपादक मुळात प्रोरेससारख्या स्वरूपात काम करतात. तिथे प्रत्येक फ्रेम स्वयंपूर्ण असते, फाइल मात्र अवाढव्य होते.

तिसरा प्रकार फसवा आहे. एमपी4 फाइलमध्ये 'दीड सेकंद सोडून दाखवायला सुरुवात कर' अशी सूचना लिहिता येते. ती पाळणाऱ्या प्लेअरवर क्लिप अचूक दिसते, न पाळणाऱ्यावर कापलेला भाग परत दिसतो, कारण तो फाइलमध्येच असतो. घरातलं काही खासगी कापून पाठवत असाल, तर क्लिप नव्याने एन्कोड करूनच पाठवा.

आम्ही लॅपटॉपवर क्लिप उघडली. बाणाच्या कळीने एकेक फ्रेम सरकवत टिपरू ढोलाला टेकलेली फ्रेम शोधली. तिथे कापलं, नव्याने एन्कोड केलं, तरी ठोका उशिराच! गच्चीपासून पथक साधारण 35 मीटरवर होतं. आवाज सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो, म्हणजे तो दहावा हिस्सा सेकंद उशिरा पोहोचला. 30 फ्रेमच्या हिशोबाने नेमक्या 3 फ्रेम. मूळ क्लिपमध्ये आवाजाची पट्टी चित्रापासून सोडवून 3 फ्रेम अलीकडे ओढली आणि पुन्हा कापलं. आता टिपरू टेकतं त्याच फ्रेमला ढोल घुमतो.