ब्रेकचे पेडल मऊ का पडते?

चोर्ला घाट उतरून साखळीकडे येताना, शेवटच्या वळणांवर, माझ्या गाडीचे ब्रेक पेडल नेहमीपेक्षा चांगले दोन बोटे खाली गेले. गाडी थांबली, पण पायाखाली स्पंज दाबल्यासारखे वाटले. रस्त्याकडेला अर्धा तास थांबल्यावर पेडल पुन्हा घट्ट झाले, आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये पेडल व्यवस्थित आहे असे सांगून गाडी परत देण्यात आली. अशी आपोआप परत आलेली घट्टता अत्यंत फसवी असते, कारण दोष तसाच राहतो आणि चालक मात्र निर्धास्त होतो.

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ब्रेक ऑइलवर दाब देतो, आणि पास्कलच्या नियमानुसार तो दाब नळ्यांमधून चाकांपर्यंत पोहोचतो. द्रव दाबून त्याचे आकारमान जवळजवळ कमी होत नाही, या एका गुणावर सारी यंत्रणा उभी आहे. वायूचे तसे नसते. तापमान कायम असता दाब जितक्या पटीने वाढतो तितक्या पटीने वायूचे आकारमान घटते, हे रॉबर्ट बॉइल याने 1662 मध्ये मांडले. समजा, नळीत 1 घन सेंटिमीटरचा, म्हणजे लहानशा बोराएवढा हवेचा बुडबुडा अडकला आहे. दाब वातावरणाच्या 20 पट झाला की तो विसाव्या हिश्श्याएवढा उरतो, आणि त्याची रिकामी झालेली जागा भरण्यातच 0.95 घन सेंटिमीटर ऑइल खर्ची पडते. 20 मिलिमीटर व्यासाच्या मास्टर सिलिंडरमध्ये त्यासाठी दट्ट्याला सुमारे 3 मिलिमीटर अधिक सरकावे लागते, आणि पेडलची तरफ चार ते पाच पटींची असल्यामुळे पायाला तोच फरक 12 ते 15 मिलिमीटर जाणवतो.

हा बुडबुडा नेहमी बाहेरूनच येतो असे नाही. सामान्य ब्रेक ऑइल ग्लायकॉल वर्गातील रसायनांचे असते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. रबरी होज पाइपमधून आणि ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाच्या श्वासछिद्रातून तो हळूहळू आत शिरतो. पावसाळ्यात ज्या गोव्यात कपाटातल्या पुस्तकांना आणि चामड्याच्या चपलांना बुरशी धरते, तेथे हे ऑइल कोरडे कसे राहील? डॉट 4 दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असावा लागतो, मात्र त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मिसळल्यावर हीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. डॉट 3 साठी हे आकडे 205 आणि 140 असे आहेत. दुसरीकडे, 1200 किलोग्रॅमची गाडी घाटात 500 मीटर खाली आली की सुमारे 59 लाख ज्यूल ऊर्जा मुक्त होते. 30 अंशांचे 20 लिटर पाणी उकळीपर्यंत तापवण्यास ती पुरते. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर तिचा फार मोठा भाग ब्रेकवरच पडतो. तापलेल्या पॅडमागचे ऑइल उकळते, वाफ होते, पेडल बसते, आणि थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा द्रव होऊन पेडल वर येते. माझ्या गाडीत हेच घडले होते. म्हणूनच ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलण्याची जी सर्वसाधारण शिफारस आहे, ती आपल्याकडे किलोमीटर न पाहता दिनदर्शिका पाहून पाळावी असे माझे ठाम मत आहे.

पेडल थंड असतानाही मऊ असेल तर कारण अन्यत्र शोधावे लागते, आणि त्यासाठी उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून, पायच उत्तम उपकरण ठरतो. पेडलवर अर्धा मिनिट एकसारखा दाब ठेवल्यावर ते हळूहळू खाली बसत गेले, तर एक तर कुठे तरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे आतील रबरी वॉशर झिजून ऑइल मागे निसटत आहे. टाकीतील पातळी घटत नसेल तर दुसरी शक्यता बळावते. लागोपाठ दाबल्यावर पेडल वर येते पण लवचीकच राहते, तेव्हा हवेचा संशय घ्यावा. दुसऱ्या दाबाला ते वर येऊन टणक लागले, आणि हँडब्रेक ओढल्यावरही उंच झाले, तर मागच्या ड्रम ब्रेकमधील लायनर, म्हणजे ड्रमवर घासून चाक थांबवणारे अस्तर, आणि ड्रम यांतले अंतर वाढलेले असते. तेथे हवा काढण्यात दिवस घालवून उपयोग नाही. फुगणारा जुना होज पाइप मात्र डोळ्यांनीच पकडावा लागतो: एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने पाइपवर नजर ठेवावी. पायाचा जोर वाढवून देणारा बूस्टर बिघडला तर पेडल उलट जड होते, त्यामुळे मऊ पेडलसाठी त्याला दोष देऊ नये.

हवा काढण्याच्या कामात क्रमाविषयी एक घोटाळा हमखास होतो. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी, असा जुना नियम आहे. परदेशी माहितीत ते चाक मागचे उजवे सांगितलेले असते, कारण तेथील चालक डावीकडे बसतो. आपल्या गाड्यांत तो नियम मागच्या डाव्या चाकाला लागू होतो. काही गाड्यांत नळ्या कोनाकोनी जोडलेल्या असल्याने क्रम वेगळा असतो, म्हणून गाडीची पुस्तिका पाहावी. चाकाजवळच्या निपलला, म्हणजे हवा काढण्यासाठीच्या लहान झडपेला, पारदर्शक नळी लावून तिचे टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे, पेडल दाबलेले असताना निपल उघडावे आणि पेडल सोडण्यापूर्वी ते बंद करावे. हा क्षण चुकला तर हवा परत आत ओढली जाते. टाकी मध्येच रिकामी झाली तर सारे काम पहिल्यापासून करावे लागते. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागातील गंजावर घासून वॉशर फाटतात, आणि किनाऱ्यालगतच्या दमट हवेत हा गंज दुर्मीळ नाही. चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली असेल, तर ती काढण्यासाठी बहुधा गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लागतो.

सांडलेले ब्रेक ऑइल गाडीचा रंग खाते, ते लगेच पाण्याने धुवावे. बाटलीत जमलेले जुने ऑइल, कितीही स्वच्छ दिसले तरी, टाकीत परत ओतू नये. पेडल उंच आणि टणक झाल्यावर अंगणातच चालण्याच्या वेगाने चार-पाच वेळा गाडी थांबवून पाहावी, चारही निपलांवर कोरडे बोट फिरवून ओल नाही याची खात्री करावी, आणि मगच गाडी रस्त्यावर काढावी.