आधी तेल तापू द्या

मिशिगनमधल्या आमच्या गल्लीत एका शनिवारी सकाळी जो आवाज आला, तो ऐकून मी चहाचा कप हातात घेऊनच बाहेर पळालो. आवाज ओळखीचा होता. गावाकडं एसटी चुकली की ज्या वडापच्या ट्रॅक्समध्ये आम्ही दाटीवाटीनं बसायचो, तिचा. थंड इंजिनाची तीच खडखड, रेस दिली की तोच भरडा सूर. बाहेर पाहतो तर शेजाऱ्याची १९८४ची फोर बाय फोर टोयोटा पिकअप. आणि टोयोटाचं पेट्रोल इंजिन काही असं बोलत नाही.

बॉनेट उघडंच होतं. आत मर्सिडीजचं ओएम ६१७ बसवलेलं. पाच सिलिंडर, तीन लिटर, टर्बो. माझा कान चुकला होता तो फक्त एका सिलिंडरनं. मर्सिडीजचंच चार सिलिंडरचं ओएम ६१६ पुण्याच्या बजाज टेम्पोनं, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सनं, परवान्यावर भारतात बनवलं आणि ट्रॅक्स, ट्रॅव्हलरमधून ते महाराष्ट्रभर फिरलं. त्याच इंजिनाला एक सिलिंडर जोडून ६१७ झालं. शेजाऱ्याला हे सांगितलं तर तो खूश. म्हणाला, "मग तू घरचाच माणूस. पाना धर."

ही खटपट अमेरिकेत बरेच हौशी लोक करतात. १९७८पासून मर्सिडीजनं हे टर्बो इंजिन आपल्या ३०० एसडी गाडीत घालून तिथं विकलं. त्याआधी १९७६मध्ये इटलीतल्या नार्दोच्या धावपट्टीवर याच इंजिनाच्या वाढीव अवतारानं सी १११ ही प्रायोगिक गाडी ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगानं पळवून विक्रम केले होते. गाड्या पुढं हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठानं गंजून भंगारात गेल्या, इंजिनं मात्र टुणटुणीत राहिली. त्यामुळं भंगारवाल्याकडून इंजिन आणायचं, टोयोटाचा गिअरबॉक्स तसाच ठेवून मध्ये दोन्ही जोडणारी अॅल्युमिनियमची अॅडाप्टर प्लेट घालायची, इंजिन टेकवायला नवं फाउंडेशन वेल्ड करायचं. इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पान वाढवायचं. वायरिंगची डोकेदुखी जवळपास नाहीच, कारण हे इंजिन एकदा सुरू झालं की त्याला चालत राहायला वीज लागत नाही. बंदसुद्धा ते व्हॅक्यूमनं होतं.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी? तर हमरस्त्यावरच्या एका खानावळीत बटाटे तळून उरलेलं सोयाबीनचं तेल जाळण्यासाठी.

असं म्हटलं की कुणीतरी हटकून सांगतंच, की रुडॉल्फ डिझेलनं आपलं इंजिन मुळात शेंगदाणा तेलासाठीच बनवलं होतं. ही लोणकढी आहे. १८९७मध्ये आउग्सबुर्गला त्याचं पहिलं यशस्वी इंजिन चाललं ते खनिज तेलावर. शेंगदाणा तेलाचा किस्सा १९००च्या पॅरिस प्रदर्शनातला. फ्रेंच सरकारला आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींत पिकणारा भुईमूग कामी लावायचा होता, म्हणून ‘ऑटो’ नावाच्या इंजिन कंपनीनं एक छोटं डिझेल इंजिन त्या तेलावर चालवून दाखवलं. ते इतकं सुरळीत चाललं, की तेल वेगळं आहे हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. डिझेलनंच १९१२मध्ये हे सांगितलं आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वी जमलं ते आज का अवघड? अडचण जळण्याची नाहीच. गोडंतेल उत्तम जळतं, समईत रोज पाहतो आपण. लिटरमागं मिळणारी ऊर्जाही डिझेलपेक्षा जेमतेम पाचेक टक्के कमी. अडचण आहे ती दाटपणाची.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड गरम होतं, तेच इथं. ओएम ६१७मध्ये हवा एकवीसपटीहून जास्त दाबली जाते आणि पाचशे अंशांच्या पुढं तापते. त्या तापल्या हवेत नोझल इंधनाचा फवारा मारतं. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर या फवाऱ्याला मिळतो सेकंदाचा साधारण हजारावा भाग. तेवढ्यात थेंब फुटायचा, वाफ व्हायची, पेट घ्यायचा. थेंब जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग जास्त आणि जळणं झटपट.

आता आकडे बघा. चाळीस अंश सेल्सिअसला आपल्याकडच्या डिझेलची श्यानता, म्हणजे दाटपणा, २ ते ४.५ असावी लागते (एकक चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद). त्याच तापमानाला सोयाबीन तेलाची सुमारे ३२. दहापट दाट. असं तेल नोझलमधून फवारा होऊन येत नाही, धार होऊन येतं. ती धार सिलिंडरच्या भिंतीला लागते, अर्धवट जळते, कार्बन धरतो आणि उरलेलं तेल रिंगांच्या फटीतून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

तिथं पुढचा खेळ सुरू होतो. स्वयंपाकाच्या ओट्यामागच्या टाइल्सवर, एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर जो पिवळा चिकट थर बसतो तो आठवा. साबणानं जात नाही, सुरीनं खरवडावा लागतो. ते नुसतं तेल उरलेलं नसतं. तेलाच्या रेणूतले दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजनमुळं उघडतात, रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात आणि तेलाचा रोगण होतो. जवसाच्या तेलात हे लवकर होतं, म्हणून ते रंगात वापरतात. सोयाबीनमध्ये जरा सावकाश, खोबरेलात जवळपास नाहीच. (खोबरेल म्हणूनच या कामाला छान, पण ते थंडीत थिजतं हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.) हाच रोगण पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत बसला की रिंगा चिकटतात. इंजिन ऑइलमध्ये झाला तर ऑइलचं श्रीखंड होतं, आणि श्रीखंड बेअरिंगपर्यंत पोचत नाही.

उपाय अगदी घरगुती आहे, तेल तापवायचं. ऐंशी अंशांना सोयाबीन तेलाची श्यानता दहा-बाराच्या घरात येते. डिझेलइतकी नाही, पण जुन्या नोझलला तेवढी चालते. म्हणून शेजाऱ्यानं पिकअपला दोन टाक्या बसवल्या. मूळच्या टाकीत डिझेल, मागच्या हौद्यात तेलाची टाकी. सकाळी गाडी डिझेलवर सुरू करायची. इंजिनाचं गरम झालेलं रेडिएटरचं पाणी एका नळीतून मागं जातं, टाकी तापवतं, फिल्टर तापवतं आणि शेवटी पंपाआधीच्या हीट एक्स्चेंजरमध्ये तेलाला आणखी ऊब देतं. काटा सत्तरच्या पुढं गेला की डॅशबोर्डवरचं बटण दाबायचं, व्हॉल्व्ह फिरतो, गाडी तेलावर. मुक्काम यायच्या काही मिनिटं आधी पुन्हा डिझेल, म्हणजे बंद करताना पंपात नि नोझलमध्ये पातळ डिझेलच उरेल.

इंजिन डिझेलचंच राहतं, त्याच्या आत काहीच बदलत नाही. सगळा बदल तेलाच्या वाटेवर होतो. आणि हे सोसणारं इंजिन जुनं असावं लागतं. ओएम ६१७मध्ये इंधन थेट पिस्टनवर पडत नाही. बाजूच्या लहानशा पूर्वकक्षात ते आधी पेटतं आणि ज्वाळा होऊन मुख्य सिलिंडरमध्ये घुसते. यात उष्णता वाया जाते, अॅव्हरेज पडतं, पण इंधनाच्या बाबतीत इंजिन नखरे करत नाही. बॉशचा इंधनपंपही दणकट, त्याला वंगण इंजिन ऑइलचं. नोझल दीडशे बारच्या आतच उघडतं. आजच्या कॉमन रेल गाडीत हा दाब सोळाशे-दोन हजार बारपर्यंत जातो आणि नोझलची भोकं जवळपास केसाएवढी बारीक. तिच्यात तळणीचं तेल घालणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

टर्बोचं काय? जळून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात जादा हवा कोंबतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीनं १९०५मध्ये याचं पेटंट घेतलं. ओएम ६१७ला टर्बोमुळं ऐंशीच्या आसपासच्या अश्वशक्तीवरून एकशेवीसपर्यंत मजल मारता आली, म्हणजे पिकअपच्या मूळ पेट्रोल इंजिनापेक्षाही चढ. पण तेलाच्या दृष्टीनं मला त्याचा दुसराच गुण मोठा वाटतो. दाबून आलेली हवा आधीच तापलेली आणि भरपूर असते, त्यामुळं चढावर, ओझ्याखाली तेल स्वच्छ जळतं. तेलाला घात करतो तो आरामच. सिग्नलला गुरगुरत उभं राहणं, दुकानापर्यंतच्या दोन मैलांच्या फेऱ्या. सिलिंडर थंडावतो नि अर्धवट जळणं सुरू.

टाकीत घालण्याआधीची तेलाची तयारी हे खरं वेळखाऊ काम. खानावळीतून आणलेलं तेल आठवडाभर पिंपात निवळू द्यायचं, तळाचा गाळ नि पाणी सोडून वरचं घ्यायचं, मग गाळत गाळत पाच मायक्रॉनपर्यंत यायचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाणी राहिलंय का हे बघायला शेजारी बिडाचा तवा तापवतो आणि चार थेंब टाकतो. तडतडलं तर पाणी आहे. आमच्या घरी मोहरी घालायच्या आधी आई अशीच कढईकडं बघायची, फक्त तिला उलटं हवं असायचं. तेल जास्त तापून धुरावलं की डोळे चुरचुरतात, तो अॅक्रोलीनचा प्रताप. तेलातलं ग्लिसरीन तुटून तो वायू होतो.

ज्याला दोन टाक्यांचा खटाटोप नको, त्यानं तेलाचंच रूप पालटावं. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका खोडाला लागलेल्या तीन लांब फांद्या. मिथेनॉल नि थोडा कॉस्टिक सोडा घातला की फांद्या खोडापासून सुटतात, ग्लिसरीन तळाशी बसतं आणि वर उरतं ते बायोडिझेल, श्यानता चार-पाचच्या घरात. ही युक्ती १९३७मध्ये बेल्जियममध्ये पेटंट झाली आणि पुढच्या वर्षी ब्रुसेल्स ते लूव्हाँ बस तिच्यावर धावली. पण मिथेनॉल विषारी आणि त्याची ज्योत उजेडात दिसतही नाही. हे घरच्या गॅरेजमध्ये करणारे मला वेडेच वाटतात.

आमच्या शेजाऱ्यानं दोन टाक्यांची वाट धरली, तरी दुसऱ्याच हिवाळ्यात ठेच लागली. रात्री उशिरा घरी आला, थंडी मरणाची, बटण डिझेलवर फिरवायचं विसरला आणि चावी काढली. सकाळी स्टार्टर फिरतोय, इंजिन हूं की चूं नाही. नळ्यांत तेल तुपासारखं रवाळ झालेलं. आम्ही दोघांनी दुपारपर्यंत हेअर ड्रायरनं नळ्या शेकल्या, नोझलचे नट ढिले करून एअर काढली, तेव्हा कुठं ती खोकत उठली. टाकी उघडली तर आणखी एक चूक सापडली. गरम पाण्याची नळी त्यानं तांब्याची घातली होती. तांबं तेल कुजवायला मदतच करतं. नळीभोवती डिंकासारखा लगदा चिकटला होता. नळी स्टीलची झाली आणि बटण न फिरवता चावी काढली तर कोकलणारा एक बझर डॅशबोर्डवर आला.

कायद्याचा मामला वेगळाच. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था कच्च्या खाद्यतेलाला वाहनाचं नोंदणीकृत इंधन मानत नाही, आणि अशी बिनप्रमाणित फेरफार केलेली गाडी तिच्या लेखी स्वच्छ हवेच्या कायद्यात बसत नाही. वैयक्तिक हौशीमागं सहसा कुणी लागत नाही, एवढंच. भारतात २०१८पासून तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं तयार होणारी द्रव्यं) पंचवीस टक्क्यांपुढं गेले की ते खाण्यात वापरायला बंदी आहे. असं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची योजनाही एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं त्याच वर्षी आणली. मात्र आमच्या चौकातल्या वडेवाल्याच्या कढईतलं तेल कधी "उरलेलं" मी पाहिलं नाही. रोज संपेल तेवढी वर भर पडते, बस.

तळणीचं तेल फुकट होतं तोवर हिशोब जुळत होता. एके काळी अमेरिकेत खानावळी ते न्यायला पैसे द्यायच्या. पुढं त्यापासून मोठ्या कारखान्यांत डिझेल बनायला लागलं आणि जुन्या तेलाला बाजारभाव आला. शेजाऱ्याच्या खानावळीच्या मागं आता कुलूप लावलेली टाकी असते, आठवड्याला टँकर येतो. पिकअप अजून चालते, पंपावरच्या डिझेलवर. मागची टाकी त्यानं काढलेली नाही. झाकण उघडलं की वास येतो, खवट, डब्याच्या तळाशी राहून गेलेल्या वर्षापूर्वीच्या कुरडयांसारखा.