पिवळ्या रंगाचा माग

कोकणात फणसाच्या लाकडाचे खांब आणि दारे असलेली घरे अजून सापडतात. हे लाकूड करवतीखाली आले की पिवळाधमक भुसा पडतो. म्यानमार, थायलंडकडे भिक्षूंची चीवरे याच लाकडाच्या काढ्यात रंगवत आले आहेत. साठच्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, या पिवळ्यातले रेणू एकेक करून सुटे काढले जात होते. त्यामागे होते प्रा. कृष्णस्वामी व्यंकटरामन. जन्म मद्रासचा, १९०१चा. उच्च शिक्षण मँचेस्टरला. रसायनशास्त्रात नाव कायमचे कोरले गेले ते मात्र लाहोरमधल्या कामामुळे.

मँचेस्टरला त्यांचे गुरू होते रॉबर्ट रॉबिन्सन, पुढे १९४७चे नोबेल मिळवणारे. वनस्पतींमधले रंग हा रॉबिन्सन यांचा आवडता प्रांत. त्यातला एक मोठा गट फ्लेव्होनचा. गंमत अशी, की निव्वळ फ्लेव्होन रंगहीन असते. त्याच्या सांगाड्यावर योग्य जागी हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, बसले, की ते जांभळा-निळा प्रकाश शोषू लागते आणि आपल्याला पिवळे दिसते.

त्या काळी रेणूची रचना दाखवणारी आजची यंत्रे नव्हती. पदार्थ फोडायचा, तुकडे ओळखायचे, त्यावरून रचनेचा अंदाज बांधायचा आणि मग तोच रेणू चंचुपात्रात घडवून दाखवायचा. नैसर्गिक आणि घडवलेला नमुना एकत्र मिसळून वितळवला आणि द्रवणांक खाली आला नाही, तर दोन्ही एकच. म्हणजे फ्लेव्होन हमखास बनवण्याची रीत ज्याच्या हाती, त्याच्याकडे निम्म्या कोड्यांची किल्ली.

ती रीत व्यंकटरामन यांना लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात सापडली. बेंझिनच्या सहा कार्बनच्या कड्यावर शेजारी-शेजारी दोन गट घ्या. एकीकडे ऑक्सिजनला जोडलेला अॅसिल गट, म्हणजे सेंद्रिय आम्लातून आलेला तुकडा (या जोडणीला एस्टर म्हणतात), दुसरीकडे कीटोनचा, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाला लागून असलेला, मिथिल (एक कार्बन, तीन हायड्रोजन). अल्कली घातली की मिथिलमधला एक प्रोटॉन निघून जातो. ऋणभारित झालेला तो कार्बन शेजारच्या एस्टरवर चाल करतो आणि अॅसिल गट ऑक्सिजनवरून उचलून स्वतःकडे घेतो. तयार झालेल्या डायकीटोनवर, म्हणजे दोन कीटोन गट असलेल्या रेणूवर, आम्लाची क्रिया केली की पाण्याचा रेणू बाहेर पडतो, कडे मिटते आणि फ्लेव्होन हाती येते. इंग्लंडमध्ये विल्सन बेकरही त्याच सुमारास, स्वतंत्रपणे, इथेच पोचले होते. व्यंकटरामन आणि त्यांचे सहकारी एच. एस. महल यांचा निबंध १९३४चा. आजही पाठ्यपुस्तकांत ही अभिक्रिया ‘बेकर-व्यंकटरामन पुनर्रचना’ म्हणूनच येते. (महल यांचे नाव तेवढे गळले. असे फार वेळा होते.)

मग मुंबई. विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, जुन्या लोकांच्या तोंडी आजही ‘यूडीसीटी’, १९३३ साली सुरू झाला होता आणि शहरात कापडगिरण्यांचा खडखडाट होता. गिरण्यांना रंग लागत. ते बनवण्याची विद्या मात्र जर्मनी, इंग्लंड, स्वित्झर्लंडच्या कंपन्यांकडे. १९३८ साली व्यंकटरामन या विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९५७पर्यंत राहिले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा खरा कणा ही एकोणीस वर्षेच, लाहोरचा शोध नव्हे. इथून शिकून निघालेली मुले रंग आणि औषधांच्या कारखान्यांत गेली, काहींनी स्वतःचे उद्योग काढले. १९५२ साली त्यांच्या ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ या ग्रंथाचे पहिले दोन खंड आले. ज्या देशाचा रंगउद्योग नुकता उभा राहत होता, तिथला प्राध्यापक साऱ्या जगाला कृत्रिम रंगांचा संदर्भग्रंथ लिहून देत होता.

१९५७ साली ते एनसीएलचे पहिले भारतीय संचालक झाले. फणसाबरोबर तिथे लाखेचाही माग लागला. लाखेच्या किड्याचा लाल रंग, ज्याचा पूर्वी आळता होई, तो एकच पदार्थ नसून लॅकेइक आम्लांचे मिश्रण आहे, हे त्यांच्या गटाने उलगडले. त्या गटातले ए. व्ही. रामाराव पुढे हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे संचालक झाले. १९६६ साली एनसीएलची धुरा घेतली तीही व्यंकटरामन यांच्याच मुंबईतल्या विद्यार्थ्याने, बा. द. टिळकांनी. व्यंकटरामन मात्र रंगांतून निवृत्त झाले नाहीत. ग्रंथाचा आठवा खंड १९७८ साली त्यांच्याच संपादनाखाली निघाला, तेव्हा त्यांची पंचाहत्तरी उलटून गेली होती.