‘तत्रैव’पासून टक्केवारीपर्यंत : निबंधातील संदर्भांची पुणेरी पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाच्या निबंधात पहिलीच तळटीप अशी होती : ‘तत्रैव, पृ. ४७’. तत्रैव म्हणजे नुकत्याच सांगितलेल्या ग्रंथात. पण त्याआधी कोणताही ग्रंथ सांगितलेला नव्हता. विद्यार्थ्याने कुठल्याशा पुस्तकातला परिच्छेद उतरवला आणि त्याच्या शेपटीला लागून मूळ लेखकाची तळटीपही आली. ‘संदर्भ : गूगल’ एवढ्यावर भागवणाऱ्यांपेक्षा हा विद्यार्थी बराच म्हणायचा, कारण निदान माग काढायला एक धागा तरी त्याने ठेवला होता.

वाङ्मयचौर्य ही संगणकाबरोबर आलेली गोष्ट नाही. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’च्या आरंभीच चोर कवीचे लक्षण सांगितले आहे : ‘अन्यवर्णपरावृत्त्या बन्धचिह्ननिगूहनैः । अनाख्यातः सतां मध्ये कविश्चौरो विभाव्यते ॥’ दुसऱ्याची अक्षरे फिरवून आणि रचनेच्या खुणा झाकून लिहिणारा कवी कोणी न सांगताही जाणकारांत चोर म्हणून ओळखू येतो. ‘बंध’ या शब्दावर श्लेष आहे. खरा चोर बेड्यांचे वण झाकतो, तसा हा कवी मूळ रचनेच्या खुणा झाकतो. इ. स. ९००च्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या उचलेगिरीचे रीतसर वर्गीकरण केले आणि शब्दहरणाचे पद (शब्द), पाद (चरण), अर्ध (अर्धा श्लोक), वृत्त आणि प्रबंध (सबंध रचना) असे पाच प्रकार मोजले. मात्र चोर नाही असा कवी नाही आणि चोर नाही असा व्यापारीही नाही, ज्याला लपवता येते तो निंदेवाचून सुखात राहतो, असेही त्याने म्हणून ठेवले आहे. आजच्या चौकशी समितीपुढे हा बचाव टिकला नसता.

मराठीत बराच काळ अडचण उलट्या बाजूने होती. दुसऱ्याचे आपल्या नावावर खपवण्यापेक्षा आपले दुसऱ्याच्या नावावर घालण्याची हौस मोठी होती, आणि ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ ही मुद्रा जोडली की अभंग संताचा होऊन जाई. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवतो, असे त्यांनी बजावले. कोणता शब्द कोणाचा, हा प्रश्न मराठी वाङ्मयात इतक्या स्पष्टपणे त्याआधी क्वचितच विचारला गेला असेल.

पुण्यात या प्रश्नाला संस्थांचे रूप आले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला सुरुवात केली होती, आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. बखरीतल्या ऐकीव हकिकतीपेक्षा अस्सल कागद आधी पुढे ठेवावा, हा त्यामागचा आग्रह होता. ‘नामूलं लिख्यते किंचित्’ हे टीकाकार मल्लिनाथाचे वचन, म्हणजे आधारावाचून काहीही लिहीत नाही ही प्रतिज्ञा, आपल्याकडचे इतिहासकार आजही सहज उच्चारतात.

या शिस्तीचा सर्वांत ठसठशीत नमुना पाहायचा असेल, तर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेल्या आवृत्तीचे, कोणतेही पान उघडावे. हे काम १९१९ मध्ये सुरू झाले, १९२५ पासून वि. सी. सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते, आणि १,२५९ हस्तलिखिते धुंडाळून १९६६ मध्ये ते पुरे झाले. पानाच्या वरच्या भागात श्लोक असतात आणि खाली बारीक टायपात कोणत्या पोथीत कोणता वेगळा पाठ आहे याची नोंद असते. संपादकांना जिथे पुरती खात्री नाही, तिथे वरच्या अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढलेली आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सुरू झालेल्या संस्कृत कोशासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जमवलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्याही याच पठडीतल्या आहेत. चिठ्ठीवर शब्द, त्याचे अवतरण आणि ते कोणत्या ग्रंथात कुठे आहे, हे सारे असते. ठिकाण लिहायचे राहिले, तर त्या चिठ्ठीचा कोशाला उपयोग नाही.

विद्यार्थ्यांना ज्या पद्धती शिकवल्या जातात, त्या मात्र अमेरिकेतून आल्या. लेखकाचे नाव आणि साल मजकुरातच कंसात देण्याची रीत हार्वर्डमधील प्राणिशास्त्रज्ञ मार्क यांच्या १८८१ सालच्या, गोगलगायीच्या जातीच्या एका प्राण्यावरील लेखापर्यंत मागे नेली जाते. शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याची नियमावली १९०६ची आहे, तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची, म्हणजे एपीएची, १९२९ मध्ये अवघ्या सात पानांची होती.

कायद्याची गोष्ट वेगळी आहे. १९५७चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या लेखनाचे रक्षण करतो. ज्ञानेश्वरीवर कोणाचाही कॉपीराइट नाही, तरी तिच्यातली ओवी आपली म्हणून छापणे हे चौर्यच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने हा भाग २०१८च्या विनियमांत आणला. दुसऱ्याच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारित लेखन द्यावे लागते. चाळीस ते साठ टक्क्यांना एक वर्ष तेही देता येत नाही, आणि त्याहून अधिक साम्य असल्यास नोंदणी रद्द होते. सर्वसामान्य माहितीतले किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्य त्यात धरले जात नाही. तेव्हापासून ‘किती टक्के आले?’ हा प्रश्न ‘कुठून घेतले?’ या प्रश्नाच्या आधी विचारला जाऊ लागला. जुळणारे शब्द मोजणाऱ्या यंत्राला इंग्रजी परिच्छेदाचे चोख मराठी भाषांतर सहसा सापडत नाही; तिथे अजूनही बाणभट्टाचा जाणकारच लागतो.

शिवाय हे विनियम पदव्युत्तर आणि संशोधन पातळीवरच्या प्रबंधांसाठी आणि प्रकाशित लेखनासाठी आहेत. वर्गातले निबंध, प्रकल्प-अहवाल आणि उत्तरपत्रिका त्यांतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. त्यामुळे त्या ‘तत्रैव’चे काय करायचे, हे वर्गावरच्या शिक्षकानेच ठरवायचे होते. त्यांनी गुण कापले नाहीत. परिच्छेद ज्या पुस्तकातून उचलला ते, आणि त्या पुस्तकाने ज्याचा हवाला दिला तो ग्रंथ, असे दोन्ही ग्रंथालयातून काढून आणायला सांगितले. तिसऱ्या दिवशी विद्यार्थी दोन्ही घेऊन आला. मूळ ग्रंथाच्या ४७व्या पानावर ते वाक्य होते, पण त्यातला ‘नाही’ मधल्या पुस्तकात गळला होता.