एमटाइम

फाइलमधला मजकूर शेवटचा कधी बदलला, याची युनिक्स आणि लिनक्स प्रणालींनी ठेवलेली नोंद म्हणजे एमटाइम. ही वेळ मजकुरात नसते, ती आयनोडमध्ये असते. आयनोड म्हणजे फाइलचा मालक, परवानग्या आणि आकार सांभाळणारी छोटी नोंद. फाइलचे नाव मात्र तिथे नसते, ते डिरेक्टरीत असते. त्यामुळे नाव बदलले तरी फाइलचा एमटाइम हलत नाही, डिरेक्टरीचा हलतो. उलट, आतल्या एखाद्या फाइलला नुसती एक ओळ जोडली, तर डिरेक्टरीला त्याची खबरही लागत नाही. ‘फोल्डरची तारीख जुनी, म्हणजे आत काही बदललेले नाही’ हा अंदाज म्हणूनच फसतो.

एमटाइमच्या शेजारी आणखी दोन वेळा असतात. एटाइम म्हणजे फाइल शेवटची कधी वाचली ती वेळ. सीटाइम म्हणजे आयनोड शेवटचा कधी बदलला ती वेळ, मग बदल परवानगीचा असो वा मजकुराचा. सीटाइमला फाइलची जन्मवेळ समजणे ही शिकणाऱ्यांची सर्वांत जुनी चूक आहे.

यातली प्रत्येक वेळ १ जानेवारी १९७०, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीपासून मोजलेल्या सेकंदांत साठवली जाते. फाइलला वेळ म्हणून शून्य मिळाले, तर भारतातल्या संगणकावर ती १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी दिसते. साडेपाच तास हे आपले यूटीसीपासूनचे अंतर. अशी तारीख दिसली की फाइल जुनी आहे असे न समजता, तिची वेळ कुठेतरी हरवली असे समजावे. हे सेकंद चिन्हासह ३२ बिटांत मावतात ते १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांपर्यंतच. त्यामुळे नव्या प्रणाली ६४ बिटांकडे वळल्या आहेत.

वेळ पाहण्याची सर्वांना ठाऊक असलेली आज्ञा म्हणजे ‘एलएस -एल’. ती माणसाच्या डोळ्यांसाठी आहे. फाइल साधारण सहा महिन्यांच्या आतली असेल तर ती तास-मिनिटे दाखवते, त्याहून जुनी असेल तर त्यांच्या जागी वर्ष. स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये, या ओळीचे तुकडे करून तारीख काढणारे आज ना उद्या अडचणीत येतात. खरे काम ‘स्टॅट’चे. लिनक्सवरच्या जीएनयू (लिनक्ससोबत येणारा साधनसंच) स्टॅटला ‘-सी’ आणि टक्क्यापुढे लहान वाय दिला, तर अशी ओळ मिळते:

२०२३-११-१५ ०३:४३:२०.००००००००० +०५३०

वाय मोठा केला की याच क्षणाचे नुसते सेकंद मिळतात: १७००००००००. दाखवायला पहिले रूप, हिशेबाला दुसरे. ‘डेट’कडून आताचे सेकंद घ्यावेत, त्यातून हा आकडा वजा करावा आणि ८६,४०० ने भागावे; फाइलला हात लागून किती दिवस झाले ते कळते. फाइलचे नाव असलेले चल (व्हेरिएबल) दुहेरी अवतरणात ठेवायला मात्र विसरू नये, नाहीतर ‘लग्नाचे फोटो’ या एका नावाची शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, दोन नावे करते.

लिनक्सवरची स्क्रिप्ट मॅकवर मोडते ती इथेच. मॅकचा स्टॅट बीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या घराण्यातला, त्याला ‘-सी’ कळत नाही. तिथे ‘-एफ’ आणि टक्क्यापुढे लहान एम लागतो. ‘डेट -आर’ जीएनयूमध्ये फाइलचे नाव घेऊन तिचा एमटाइम छापते. बीएसडीत हाच पर्याय मुळात सेकंदांचा आकडा घेण्यासाठी आहे.

अनेक फाइली चाळायच्या तर ‘फाइंड’ हवी, आणि तिच्या ‘-एमटाइम’चा हिशेब नीट समजून घ्यायला हवा. लिनक्सवर फाइलचे वय २४ तासांच्या पूर्ण दिवसांत मोजले जाते आणि उरलेले तास सोडून दिले जातात. म्हणून ‘+१’ म्हणजे एक दिवसाहून जुन्या नव्हे, किमान दोन दिवस जुन्या फाइली. छत्तीस तासांपूर्वीची फाइल त्यात येत नाही. जुने बॅकअप पुसणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हा फरक फार मोलाचा ठरतो. पुसण्याआधी तीच आज्ञा फक्त नावे छापून पाहावी. मिनिटांच्या हिशेबासाठी ‘-एममिन’ आहे.

एमटाइमवर विसंबणारे सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे मूळ फाइलींपासून प्रोग्राम तयार करून देणारे ‘मेक’. ते स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिले. मूळ फाइल तयार फाइलपेक्षा नवी असेल तरच मेक काम पुन्हा करते. बॅश या शेलमध्ये अशीच तुलना ‘-एनटी’ या कसोटीने एका ओळीत होते.

एमटाइम पुरावा म्हणून मात्र कच्चा आहे. ‘टच’ने कुणालाही आपल्या फाइलवर हवी ती तारीख चढवता येते, आणि फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट चेकआउट करताना, म्हणजे आवृत्ती बाहेर काढताना, जुनी वेळ परत देत नाही. साध्या ‘सीपी’ने केलेल्या प्रतीवर आजची वेळ बसते. घरातले वीस वर्षांचे फोटो नव्या डिस्कवर नेताना ‘सीपी’ला ‘-पी’ जोडावा किंवा प्रती करणारे ‘आरसिंक’ ‘-ए’सह वापरावे, म्हणजे प्रत्येक फाइल आपापल्या दिवसासह तिथे पोहोचते.