खोकला किती आणि खोकल्याचा त्रास किती

सोलापुरात अशोक चौकाजवळ राहणाऱ्या आमच्या मामांना डॉक्टरांनी "खोकला कसाय?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "हाय की तसाच." उभं आयुष्य यंत्रमागावर गेलं, आता सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. खोकला त्यांना आजार वाटतच नाही, घरातलाच कुणीतरी वाटतो. म्हणून मुलानं त्यांच्या उशाशी खोकला मोजणारं ॲप चालू करून मोबाइल ठेवला. पहिल्या आठवड्याचा आकडा बघून म्हणाला, "बाबा, कमी झाला की त्रास!" मामी फणकारल्या, "त्रास? रात्रभर बसून कोण काढतंय मग?"

दोघंही बरोबर होते. बोलत होते मात्र वेगवेगळ्या गोष्टींबद्दल.

मोबाइल मोजतो ती वारंवारता. खोकताना आपण श्वास आत घेतो, घशातली झडप मिटते, आत दाब साठतो आणि झडप उघडताच हवा धाडकन बाहेर पडते. तो आवाज ओळखायचा आणि तासाला किती वेळा आला ते मांडायचं, एवढंच त्याचं काम. संशोधनात याच कामासाठी अंगावर बाळगायचे, 24 तास आवाज टिपणारे रेकॉर्डर वापरतात. ते माणसाबरोबर फिरतात. मामांचा मोबाइल उशाशी, आणि मामा चहाला चौकात. त्यात झोपेत खोकला एरवीही कमीच येतो, म्हणजे नुसत्या रात्रीचा आकडा दिवसाची गोष्ट सांगत नाही. शिवाय त्याच खोलीत मामी खोकल्या तर तो हिशेब कुणाच्या खात्यावर जातो, देव जाणे.

त्रास हा आवाजातून कळत नाही, विचारावाच लागतो. त्यासाठी लेस्टर प्रश्नावली आहे: 19 प्रश्न, गुण 3 ते 21. इथे जास्त गुण म्हणजे कमी त्रास, हा उलटा हिशेब ध्यानात ठेवायचा. घरी 0 (त्रासच नाही) ते 10 (असह्य त्रास) मधला आकडा लिहिला तरी चालतं. एकच उबळ, पण तिच्यात बरगड्या दुखतात, उलटी होते. बायकांना लघवी सुटते आणि त्या हे डॉक्टरांनाही सांगत नाहीत. मोबाइलच्या लेखी मात्र ते चार-पाच ठसके.

मग आकडा कशाला? माणूस 'हाय तसाच' म्हणत असताना त्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा खोकला चढत चालला, तर ते आकड्यात दिसतं. तुलना स्वतःशीच करायची, शेजाऱ्याशी नाही. आणि आकडा उतरला म्हणून लगेच पेढे वाटू नयेत. थकलेला, गुंगीत असलेला रुग्णही कमी खोकतो. कफ आतच राहतो.

सीओपीडी उसळल्याच्या खुणा डॉक्टर तीन ठिकाणी शोधतात: दम वाढला का, कफ वाढला का, कफाचा रंग पिवळा-हिरवा झाला का. यातला रंग कुठलाही मायक्रोफोन ऐकू शकत नाही. खोकल्यातून रक्त पडलं, ताप राहिला, वजन उतरलं तर ॲप बाजूला ठेवून टीबीसाठी थुंकी तपासायला द्यायची.

मामी आता भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेखाली त्रासाचा आकडा आणि 'पांढरा' किंवा 'पिवळा' असं लिहितात. गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात सलग तीन चौकोनांत 'पिवळा' आहे. मोबाइलचा आकडा त्या तिन्ही दिवशी नेहमीइतकाच होता.