मोटारसायकलचा टायर घरी बदलणे

मोटारसायकलचे चाक उतरवून जुना टायर काढणे आणि नवा चढवणे हे तसे दुकानाचे काम. ग्रामीण विदर्भात मात्र ते अंगणात, गोठ्यापुढे आणि वेळ पडली तर पांदणीवरही होते. पंक्चरचे दुकान बहुधा फाट्यावर असते आणि वावर फाट्यापासून लांब. मेळघाटात धारणीकडे किंवा गडचिरोलीत भामरागडच्या वाटेवर तर गाडी ढकलत दुकान शोधण्यात अर्थ नसतो.

टायर खराब होण्याची कारणेही इथलीच. हरभऱ्यात रोही आणि रानडुकरे शिरू नयेत म्हणून धुऱ्यावर बाभळीच्या काट्या टाकतात. त्यांचे काटे वाटेवर येतात. विळ्याने तिरपी कापलेली तुरीची धसकटे त्याहून वाईट, कारण ती जागची हलत नाहीत. घासलेल्या टायरमधून काटा सहज आत जातो. म्हणून थोड्या दिवसांत पुन्हा पुन्हा पंक्चर होऊ लागले, की ट्यूबला पॅचमागून पॅच लावण्याऐवजी टायर पाहावा. नक्षीच्या खाचांमधले छोटे उंचवटे पृष्ठभागाच्या बरोबरीला आले असतील, तर टायर संपला.

नवा टायर घेताना माप जुन्यावरचेच पाहतात. २.७५-१८ याचा अर्थ रुंदी २.७५ इंच आणि रिंगचा व्यास १८ इंच. बाजूच्या लंबगोलातले चार आकडे टायर केव्हा बनला ते सांगतात: २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. दुकानाबाहेर उन्हात टांगलेला टायर घेताना हे आकडे जरूर वाचावेत.

नुसते पंक्चर काढायला चाक उतरवावे लागत नाही. गाडी डबल स्टँडवर घेऊन टायरची एक बाजू उघडतात आणि ट्यूब बाहेर ओढतात. टायर बदलायचा तर चाक काढणे आलेच. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडली, तरी जुन्या टायरची कड रिंगला चिकटून राहते. ती टाचेने दाबून सुटली नाही, तर चाक आडवे ठेवून दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड कडेवर टेकवतात आणि त्या गाडीचे वजन त्यावर टाकतात.

या कामात ताकदीपेक्षा रिंगची घडण कळणे महत्त्वाचे. रिंगच्या मधोमध सगळीकडून फिरणारी एक खोलगट नाळ असते. टायरच्या कडेत पोलादी तार असल्याने कड ताणली जात नाही. टॉमी, म्हणजे टायर उचकटायची पोलादी पट्टी, घालून एका बाजूची कड उचलायची, तर समोरची कड या नाळीत उतरलेली हवी. तेवढीच ढील मिळते आणि तेवढी पुरते. व्हॉल्व्हपाशी ट्यूब आड येत असल्याने तिथली कड नाळीत नीट उतरत नाही. म्हणून काढायला सुरुवात व्हॉल्व्हजवळून करतात आणि चढवताना शेवट व्हॉल्व्हजवळ करतात. टॉमीवर उभे राहूनही कड हलत नसेल, तर समोरची कड नाळीबाहेर आली आहे असे समजावे. पेचकस किंवा सळई वापरून जोर लावणाऱ्याची नवी ट्यूब हमखास फाटते.

जुना टायर काढल्यावर रिंगची पट्टी आणि स्पोकची टोके बोटाने चाचपतात. जुनाच टायर परत चढवायचा असेल, तर त्याच्या आतून फडके फिरवतात. मोडून राहिलेला काटा त्यात अडकतो. नव्या टायरवर बाण असेल, तर तो चाक पुढे फिरण्याच्या दिशेने ठेवायचा. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरून ती बसवतात, म्हणजे तिला घडी पडत नाही आणि ती टॉमीखाली सापडत नाही. कडांना साबणाचे पाणी लावतात. हवा भरल्यावर कडेलगतची बारीक रेघ रिंगपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे ती आत गेली असेल, तर हवा सोडून पुन्हा भरायची. १०० सीसीच्या गाडीला एकट्या माणसासाठी पुढे साधारण २५ आणि मागे २८ पीएसआय हवा लागते. मागे माणूस किंवा युरियाची गोणी असेल तर जास्त.

मागचे चाक परत जोडताना ड्रम ब्रेकच्या प्लेटला धरून ठेवणारा दांडा विसरणे सर्वांत धोक्याचे. त्याचा बोल्ट राहिला, तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होऊ शकते. चेनचा ताण दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवूनच ठेवायचा.

ट्यूबलेस टायरचे साधे पंक्चर चाक न काढता बाहेरून पट्टी खुपसून निघते, पण असा टायर घरी चढवणे कठीण. त्याच्या कडा रिंगला भिडायला हवेचा एकदम झोत लागतो आणि पायपंपाचा तेवढा दम नसतो. टायरच्या घेराभोवती दोर बांधून त्याला काठीने पीळ दिला, की कडा बाहेर ढकलल्या जातात आणि काही वेळा हवा धरतात. तेही साधले नाही, तर शेजाऱ्याच्या गाडीवर मागे बसून, चाक मांडीवर धरून कॉम्प्रेसरवाल्याकडे जावे लागते.